पेनड्राइव्हवर एमएक्स लिनक्स : सिस्टीम भारी, पण पेनड्राइव्ह बघून घ्या

सरळ मुद्द्यालाच हात घालतो. पेनड्राइव्हवरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची म्हटलं की जो तो आधी विचारतो "डिस्ट्रो कुठली घेऊ?" (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार अवतार) आणि मग उबंटूवाले, मिंटवाले, पपीवाले एकमेकांच्या उरावर बसतात. मी यातल्या बऱ्याच वापरून शेवटी एमएक्स लिनक्सवर स्थिरावलोय, रोजचं बरंचसं काम त्यावरच चालतं, आणि त्याचं कारण खरं तर एकच आहे, केलेले बदल पेनड्राइव्हवर कधी लिहायचे हे एमएक्स मला ठरवू देतं. ऐकायला फालतू वाटेल, पण सिस्टीम पळणार की रडतखडत चालणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

ज्यांनी हा प्रकार कधी केलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइव्ह सिस्टीममध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या सिस्टीममध्ये, सगळी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) एका दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते, ती फाइल फक्त वाचता येते, आणि तुम्ही जे काही करता, वॉलपेपर बदला, सॉफ्टवेअर टाका, वायफायचा पासवर्ड द्या, ते सगळं तिच्या वरच्या एका वेगळ्या थरात जातं आणि हा थर रॅममध्ये असतो. मशीन बंद केलं की थर उडाला, पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी. क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स २००० साली आलं तेव्हा सीडीवरून हेच चालायचं, आणि सीडीवर परत लिहायची सोयच नसल्याने कोरी पाटी हे नशीबच होतं. पेनड्राइव्हवर लिहिता येतं, त्यामुळे तो थर जपून ठेवता येतो, यालाच पर्सिस्टन्स म्हणतात आणि या सगळ्या रिव्ह्यूचा जीव त्यातच आहे.

आता तयारी. इथे एमएक्सचा पहिला वैताग. विंडोजवरून रूफस किंवा बलेना एचर ही टूल वापरून आयएसओ (डाउनलोड केलेली सिस्टीमची फाइल) जशीच्या तशी, म्हणजे डीडी पद्धतीने, पेनड्राइव्हवर उतरवली तर ती बूट होते (म्हणजे मशीन तिच्यावरून सुरू होतं), चालते, पण पर्सिस्टन्स मिळत नाही कारण तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता होतो. पूर्ण सोयी हव्या असतील तर एमएक्सचं स्वतःचं लाइव्ह यूएसबी मेकर वापरायचं, आणि ते चालतं लिनक्समध्ये. म्हणजे आधी एका पेनड्राइव्हवर साधं एमएक्स, त्यावरून बूट करा, मग आतून दुसरा पेनड्राइव्ह तयार करा. कोंबडी आधी की अंडं आधी असला प्रकार आहे. कोणाकडे आधीच लिनक्स असेल तर हा खटाटोप वाचतो. टूल स्वतः मात्र मस्त आहे, ड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, डीडी सोडून फुल फीचर वाला पर्याय ठेवा, आणि हवं तर एन्क्रिप्शनची (डेटा पासवर्डशिवाय न उघडण्याची) खूण करा, झालं. एन्क्रिप्शनची खूण कराच, पेनड्राइव्ह हरवणारी वस्तू आहे आणि त्यात तुमचे ब्राउझरमधले सगळे लॉगिन असणार.

बूट करणं हा दुसरा अडथळा आणि यात दोष कोणाचाच नाही, प्रत्येक मशीनची तऱ्हा वेगळी. कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप, जुन्या मॅकवर ऑप्शन दाबून धरायचं, आणि ते बटण लोगो दिसायच्या आत दाबलं गेलं पाहिजे. एपलच्या स्वतःच्या चिपवाले नवे मॅक असतील तर नादच सोडा, साध्या पीसीसाठी बनवलेला हा ड्राइव्ह तिथे बूट होत नाही. माझ्याकडे एमएक्स-२३ आहे, डेबियन १२ या मूळ डिस्ट्रोवर उभं असलेलं, आणि ते मी सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं मशीनचं सेटिंग) बंद करूनच चालवतो. इथे एक गोष्ट मोठ्याने सांगतो, ज्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे तिथे सिक्युअर बूटला हात लावलात तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, ती ४८ आकडी की हाताशी नसेल तर घाम फुटेल. त्यामुळे आधी की शोधून ठेवा, मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा, आणि मशीन दुसऱ्याचं असेल तर विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावूच नका. उबंटू, फेडोरा, डेबियन यांचं बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सही केलेलं असतं त्यामुळे ते सिक्युअर बूट चालू असतानाही बूट होतात, रोज वेगवेगळ्या मशीनवर चालवायचं असेल तर हा मुद्दा एमएक्स-२३ च्या विरोधात जातो हे मान्यच करावं लागेल.

बरं, आता मजेचा भाग. बूट मेनूमध्ये पर्सिस्टन्सचे पाच-सहा पर्याय दिसतात आणि नवा माणूस तिथेच गांगरतो, कारण नावं सगळी सारखी. मला कळलं तसं सांगतो. पर्सिस्ट स्टॅटिक म्हणजे जे काही कराल ते लगेच ड्राइव्हवर लिहिलं जाणार, रॅम कमी लागते पण प्रत्येक क्लिकला ड्राइव्हची वाट बघायची. पर्सिस्ट रूट म्हणजे सगळं रॅममध्ये चालणार आणि शटडाउन करताना एकदाच ड्राइव्हवर उतरणार. पर्सिस्ट ऑल हा मधला मार्ग, सिस्टीमचे बदल रॅममध्ये आणि तुमचा होम फोल्डर थेट ड्राइव्हवर. पहिल्यांदा निवडलं की फाइल केवढी बनवायची ते विचारतो, डेमो (साधा) आणि रूट (सगळे अधिकार असलेला) या दोन्ही युजरचे पासवर्ड बदलून घेतो (मुळात डेमोचा पासवर्ड डेमो आणि रूटचा रूट आहे, म्हणजे जगजाहीर), आणि शटडाउनच्या वेळी आपोआप सेव्ह करू की विचारून करू हेही तेव्हाच ठरवून घेतो. मी विचारून करू वर ठेवलंय. एखादं सॉफ्टवेअर नुसतं बघायला टाकलं, आवडलं नाही, तर शटडाउनला "नाही" म्हणायचं, विषय संपला, अनइन्स्टॉल करायची भानगडच नाही. हे इतकं सोयीचं आहे की आता नेहमीसारख्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमवर बसलो की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

आता हे लगेच लिहिणं आणि शेवटी लिहिणं यात एवढा फरक का पडतो ते नीट बघू, कारण पेनड्राइव्हवर ओएस टाकून "लिनक्स स्लो आहे" म्हणणाऱ्या बहुतेक लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. पेनड्राइव्हच्या पाकिटावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो एक मोठी फाइल सलग वाचण्याचा स्पीड असतो. ओएसला तसं काम क्वचित पडतं. ब्राउझर उघडा ठेवून तुम्ही नुसते बसलात तरी तो हिस्ट्री, कुकीज, सेशन, कॅश असल्या बारीकसारीक गोष्टी सतत लिहीत असतो, चार केबी इथे, चार केबी तिथे. फ्लॅश मेमरीला एवढासा तुकडा जागच्या जागी बदलता येत नाही, तिला बदल नव्या जागी लिहावा लागतो आणि जुनी जागा मोकळी करायची तर अख्खा मोठा ब्लॉक पुसावा लागतो, त्यातलं कामाचं आधी दुसरीकडे हलवून. एसएसडीमधला (चिपवाल्या वेगवान डिस्कमधला) कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रण चिप, हे सगळं हुशारीने सांभाळतो, स्वस्तातल्या पेनड्राइव्हचा कंट्रोलर बिचारा जेमतेम असतो, असल्या बारीक लिखाणात त्याचा स्पीड सेकंदाला एक एमबीच्याही खाली जातो. मग काय होतं, माउसचा बाण छान हलतो पण टॅबवर क्लिक केलं की काही घडत नाही, खिडकी राखाडी पडते, पेनड्राइव्हचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत राहतो, आणि अर्ध्या मिनिटाने तुम्ही केलेली सगळी क्लिकं एकदम पाठोपाठ लागू होतात. हे एकदा ओळखता आलं की कळतं, प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, रॅम रिकामी असते, सगळे त्या एका चिमुकल्या कंट्रोलरच्या दारात रांग लावून उभे असतात.

पर्सिस्ट रूटमध्ये ही रांगच लागत नाही. ब्राउझरला रॅममध्ये काय लिहायचं ते लिहू दे, ड्राइव्हला त्याची खबरही नाही. त्याच पेनड्राइव्हवर, त्याच मशीनवर, स्टॅटिक आणि रूट असे दोन्ही पर्याय लावून बघा, दोन वेगळे कॉम्प्युटर वाटतील. किंमत मोजावी लागते ती दोन ठिकाणी. एक, शटडाउनला वेळ लागतो कारण सगळं तेव्हा लिहिलं जातं, घाईत असाल तर चिडचिड होते. दोन, मधेच लाइट गेली किंवा कोणी धक्का मारून ड्राइव्ह उपटला तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं पाण्यात. यासाठी पर्सिस्ट सेव्ह नावाचं टूल आहे, काम चालू असताना कधीही चालवता येतं, ते मी पॅनेलवरच आणून ठेवलंय. आणि कागदपत्रं वगैरे मी होममध्ये ठेवतच नाही, होममध्येच लाइव्ह यूएसबी स्टोरेज म्हणून एक फोल्डर दिसतो, तो थेट पेनड्राइव्हच्या मुख्य पार्टिशनवर असतो, त्यात टाकलेली फाइल तिथल्या तिथे ड्राइव्हवर जाते आणि पर्सिस्टन्सची फाइल उद्या बिघडली तरी ती वाचते.

रॅम मात्र हवी. ४ जीबीवर ब्राउझरचे मोजके टॅब आणि रायटर (लिहायचं सॉफ्टवेअर) एवढं निभतं, ८ असेल तर बिनधास्त. कमी रॅमवर रूट पर्याय लावून मोठं अपडेट मारलं तर सगळं अपडेट रॅममध्येच उतरतं आणि जागा संपते, तेव्हा अपडेटपुरतं स्टॅटिकमध्ये बूट करायचं आणि काम झालं की परत.

अपडेटवरून आठवलं, एक खाचखळगा आहे जो पहिल्यांदा कोणाच्याच लक्षात येत नाही. नेहमीच्या अपडेटमध्ये नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला तरी लाइव्ह ड्राइव्ह बूट होतो जुन्याच कर्नलवर, कारण बूटवाला कर्नल त्या दाबून भरलेल्या फाइलच्या शेजारी वेगळा ठेवलेला असतो. त्याला लाइव्ह कर्नल अपडेटर वेगळं चालवावं लागतं. आणि अपडेट साचत गेली की बदलांची फाइल फुगत जाते, मूळ फाइलमध्ये जुना फायरफॉक्स, वरच्या थरात नवा फायरफॉक्स, दोन्ही जागा खातात. यावर उतारा म्हणजे रिमास्टर, सगळे बदल मिसळून नवी दाबलेली फाइल बनवायची आणि वरचा थर पुन्हा रिकामा. बटण दाबून होतं, वेळ लागतो, पण झाल्यावर सिस्टीम नव्यासारखी हलकी होते, आणि हे इतकं सोपं करून दिलेलं मी तरी दुसरीकडे बघितलं नाहीये.

न आवडलेल्या गोष्टीही सांगतो. एमएक्स-२३ लाइव्हमध्ये सिस्टमडीवर बूट होत नाही, सिसव्ही इनिटवर चालतं (हे दोन्ही सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम), त्यामुळे स्नॅप पॅकेज चालत नाहीत, फ्लॅटपॅक चालतात (दोन्ही सॉफ्टवेअर बांधून देण्याचे प्रकार). मला स्नॅपचं प्रेम नाही म्हणून फरक पडला नाही, पण कोणाचं एखादं सॉफ्टवेअर स्नॅपमध्येच असेल तर अडेल. एक्सएफसीई डेस्कटॉप दिसायला साधा, उभा पॅनेल डाव्या बाजूला, तो बऱ्याच जणांना पहिल्याच दिवशी खाली आणावासा वाटतो. आणि मराठी टायपिंगसाठी आयबस (भाषा बदलून टाइप करायचं टूल) आणि त्याचे कीबोर्ड स्वतः टाकून घ्यावे लागले, एकदा टाकले की पर्सिस्टन्समुळे राहतात, म्हणजे तक्रार एका संध्याकाळपुरतीच.

बाकीच्यांशी तुलना. उबंटू किंवा मिंट रूफसने टाकताना पर्सिस्टन्सची पट्टी सरकवता येते, विंडोजवाल्या माणसाला याहून सोपं काही नाही, पण तिथे बदल लगेच ड्राइव्हवर लिहिले जातात, वर सांगितलेली रांग आलीच. पपी लिनक्स, २००३ पासूनचं, बॅरी कॉलर यांनी सुरू केलेलं, ते अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं आणि जुन्यापान्या मशीनवर त्याचा हात कोणी धरू शकत नाही, फक्त डीफॉल्टला सगळं रूट म्हणून चालतं ते मला पचत नाही आणि सॉफ्टवेअर शोधायला त्रास होतो. टेल्स हा प्रकारच निराळा, सगळं ट्रॅफिक टोर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून, बंद केलं की सगळं विसरणारं, ८ जीबीचा ड्राइव्ह किमान हवा, आणि जपायच्या गोष्टी तुम्ही निवडाल तेवढ्याच एन्क्रिप्ट करून जपतं. पत्रकार किंवा ज्यांना खरोखर लपून काम करायचंय त्यांनी तेच घ्यावं, रोजच्या कामाला नको. व्हेंटॉय ही ओएस नव्हेच, ते ड्राइव्हवर एकदा टाकायचं आणि मग नुसत्या आयएसओ फाइल कॉपी करत जायचं, बूटला यादी येते. क्लोनझिला, जीपार्टेड, मेमटेस्ट, सिस्टीम रेस्क्यू असं सगळं मी त्यावर ठेवलंय, दुरुस्तीचा ड्राइव्ह वेगळा आणि कामाचा वेगळा. पर्सिस्टन्स त्यातही जमतं पण फाइल बनवा, जेसन नावाची सेटिंगची फाइल लिहा, कोण करतंय ते.

विंडोजच हवं असेल तर विंडोज टू गो होतं, विंडोज ८ एंटरप्राइझबरोबर आलं आणि २०२० च्या २००४ नंबरच्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने काढून टाकलं. रूफसमध्ये तो पर्याय अजून आहे, साध्या पेनड्राइव्हवर मात्र त्याचे हाल बघवत नाहीत, त्याला यूएसबीची एसएसडीच लागते.

एसएसडीचा विषय निघालाच आहे तर, पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला. केसमध्ये घातलेली छोटी एसएसडी लावली तर पर्सिस्टन्सचा पर्याय कुठला निवडलाय हे विसरून जाल, स्टॅटिकवरही मस्त चालते. मग तर लाइव्हची भानगड न करता सरळ इन्स्टॉलच करता येतं. फक्त इन्स्टॉल करताना बूटलोडर कुठे जातोय ते डोळ्यात तेल घालून बघा, काही इन्स्टॉलर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (मशीन जिथून बूट व्हायला बघतं त्या भागावर) टाकून मोकळे होतात, आणि मग बाहेरची डिस्क काढली की मशीन बूटला का कू करतं. शक्य असेल तर इन्स्टॉलपुरती आतली डिस्क काढूनच ठेवा.

पेनड्राइव्हच घेणार असाल तर यूएसबी ३ चा, आणि शक्यतो थोडा लांबडा. नखाएवढे धातूचे पेनड्राइव्ह दिसायला गोंडस पण सतत लिखाण पडलं की चटका बसेल इतके तापतात आणि तापले की मंदावतात. घेतल्याघेतल्या एचटूटेस्टडब्ल्यू नाहीतर लिनक्सवर एफथ्री चालवा, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, १२८ लिहिलेलं आणि आत ८ भरणारं बनावट प्रकरण असेल तर तिथेच उघडं पडतं. आणि एक गंमत, यूएसबी ३ चा ड्राइव्ह जोरात काम करत असेल आणि शेजारच्याच पोर्टमध्ये वायरलेस माउसचा डोंगल असेल तर माउस अडखळायला लागतो, सिस्टीम हँग झाली असं वाटतं पण तसं नसतं. यूएसबी ३ चा रेडिओ लहरींचा गोंधळ २.४ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे माउसच्याच पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. ड्राइव्ह दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन केबल घाला.

बंद पडलेल्या विंडोज मशीनमधून डेटा काढायला हा ड्राइव्ह लाखमोलाचा आहे, पण फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क दिसते आणि लिहिता मात्र येत नाही असं झालं तर घाबरू नका, विंडोजचा फास्ट स्टार्टअप डिस्कला अर्धवट झोपेत ठेवतो, म्हणून लिनक्स तिला फक्त वाचायला उघडतं. विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट दाबून शटडाउन करा, नसेल होत तर नुसतं वाचून डेटा दुसरीकडे कॉपी करा, जबरदस्तीने लिहायला जाऊ नका.

सुरक्षिततेबद्दल एक गैरसमज फार आहे, की आपली ओएस आपल्याबरोबर आहे म्हणजे कुठल्याही मशीनवर बँकिंग केलं तरी चालेल. त्या मशीनच्या विंडोजमधल्या व्हायरसपासून सुटका होते हे खरं, कारण ते विंडोज चालूच होत नाही. पण कीबोर्डच्या वायरीत कोणी की लॉगर (दाबलेली बटणं टिपणारं यंत्र) बसवला असेल किंवा फर्मवेअरच (मशीनच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) बिघडवलेलं असेल तर तुमचं लिनक्स काय करणार. अनोळखी मशीनवर मी पैशाचं काही करत नाही, एवढंच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारी बरीच धडधाकट मशीनं लोकांकडे पडून आहेत, त्यांना माझं म्हणणं असं की डिस्क पुसायच्या आधी थोडे दिवस एमएक्स पेनड्राइव्हवरून चालवा, वायफाय, प्रिंटर, आवाज, झोपवलेलं मशीन परत उठतंय का, सगळं तपासा, ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर जरा जास्तच तपासा. जमलं तर तीच सिस्टीम, तुमच्या बदलांसकट, तिथूनच आत इन्स्टॉल होते. पाचपैकी चार स्टार, सिक्युअर बूट आणि ते दोन पेनड्राइव्हचं लफडं नसतं तर पाचही दिले असते. आणि महिन्यातून एकदा तरी अख्ख्या ड्राइव्हची इमेज (जशीच्या तशी प्रत) काढून ठेवा, पेनड्राइव्ह जातो तेव्हा सांगून जात नाही.